प्रौढ वयात गवसलेली माती : तेरच्या मृण्मूर्ती, रामलिंगप्पा लामतुरे आणि मराठवाड्यातील मातीकाम

सारांश

मातीला आकार देण्याची कला लहानपणीच अंगी यावी लागते, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. कुंभाराच्या घरी जन्मलेल्याने ती वारशाने घ्यावी, इतरांनी पोळ्याचे बैल करण्यापुरती बालपणी अनुभवावी आणि मोठेपणी हात धुऊन मोकळे व्हावे, अशी ही विभागणी आहे. प्रस्तुत लेखात या समजाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. इनामगाव व तेर येथील मृण्मूर्ती, तेरचे संग्राहक रामलिंगप्पा लामतुरे, बलुतेदारीतील कुंभाराचे स्थान, वसाहतकालीन कलाशिक्षण आणि प्रौढ वयात शिल्पकलेकडे वळलेल्या दोन स्त्रिया यांच्या आधारे हे विवेचन केले असून शेवटी लेखिकेने स्वतः केलेल्या मातीकामाची नोंद जोडली आहे.

बीजसंज्ञा : मृण्मूर्ती, तेर, केओलिन, दुहेरी साचा, बलुतेदारी, प्रौढ शिक्षण, मराठवाडा.

1. प्रस्तावना

मराठवाड्याच्या संतपरंपरेत तेरच्या गोरोबाकाकांची एक कथा सर्वश्रुत आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी मडकी पारखण्याचे थापटणे हाती घेतले आणि एकेकाच्या मस्तकावर थापटून कोणते मडके पक्के व कोणते कच्चे याचा निवाडा केला. नामदेव महाराज कच्चे ठरले. पुढे नामदेवांनी औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांचे शिष्यत्व पत्करले, असे परंपरा सांगते. या कथेचा आध्यात्मिक अर्थ कीर्तनकार विस्ताराने सांगत असतात. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तीत आणखी दोन गोष्टी दिसतात. पहिली, संतांची पारख करण्याचा अधिकार येथे एका कारागिराला व त्याच्या हत्याराला दिलेला आहे. दुसरी, कीर्तनकार म्हणून नावलौकिक मिळविलेला माणूसही कच्चा ठरू शकतो आणि तो पुन्हा शिकायला बसू शकतो. शिकण्याचे वय निघून गेले, असे ही कथा कोठेही म्हणत नाही.

परंतु प्रत्यक्ष समाजव्यवहारात हाताच्या कलेबाबत आपण नेमके हेच म्हणत आलो आहोत. चाळिशीतील माणूस गाणे शिकू लागला तर त्याचे कौतुक होते. तोच माणूस मातीत हात घालून बसला तर त्याला वेडात काढले जाते. या फरकाचे कारण वयात नसून मातीच्या सामाजिक दर्जात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

2. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

(1) दख्खनमधील मृण्मूर्तींच्या प्राचीन परंपरेचा थोडक्यात आढावा घेणे.
(2) औपचारिक शिक्षण नसताना प्रौढ व्यक्तीने मातीच्या कलेचा ध्यास घेतल्याची उदाहरणे अभ्यासणे.
(3) मातीकाम हे प्रौढ व सुशिक्षित व्यक्तीस अप्रशस्त का वाटते, याची ऐतिहासिक कारणे शोधणे.
(4) महाविद्यालयीन इतिहास-अध्यापनात मातीकामाचा उपयोग होऊ शकतो काय, याचा विचार करणे.

लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. त्यास संग्रहालयातील प्रत्यक्ष निरीक्षण, तोंडी माहिती आणि स्वतः करून पाहिलेले प्रयोग यांची जोड दिली आहे. शेवटच्या भागातील अनुभव हा एका व्यक्तीचा आहे. त्यावरून सार्वत्रिक सिद्धान्त मांडण्याचा येथे हेतू नाही.

3. इनामगाव ते तेर : मातीच्या मूर्तींची वाट

महाराष्ट्रातील मृण्मूर्तींचा इतिहास ताम्रपाषाण युगापर्यंत मागे जातो. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात केलेल्या उत्खननात एका घराच्या जमिनीखाली मातीचे झाकणासह पात्र सापडले. त्यात व त्यासोबत मातीच्या स्त्रीमूर्ती व बैल होता. त्यांतील शिरविरहित स्त्रीमूर्ती बैलाच्या पाठीवर बसविता येईल अशी होती. विशेष म्हणजे या मूर्ती न भाजलेल्या मातीच्या होत्या. डॉ. म. के. ढवळीकर यांनी या मूर्तींच्या धार्मिक अर्थाची चर्चा केली आहे. येथे आणखी एक मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. न भाजलेली मूर्ती करण्यास भट्टी लागत नाही व चाकही लागत नाही. ती घरातील कोणीही, चूल लिंपणाऱ्या हातांनी करू शकते. म्हणजेच मूर्ती घडविणे हे आरंभी केवळ एका व्यावसायिक गटाचे काम असलेच पाहिजे, असे गृहीत धरण्याचे कारण नाही.

सातवाहन काळात मात्र चित्र बदललेले दिसते. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर म्हणजे प्राचीन तगर होय, हे जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये दाखवून दिले. इ. स. च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणपासून दहा दिवसांच्या अंतरावर असलेल्या तगर या मोठ्या नगराचा उल्लेख असून तेथून कापड गाड्यांनी भडोच बंदराकडे जात असे, असे त्यात म्हटले आहे. या व्यापाराबरोबर केवळ माल आला असे नाही, तर घडविण्याच्या रीतीही आल्या. तेर येथे 1958 साली झालेल्या उत्खननाचा बी. एन. चापेकर यांचा अहवाल 1969 मध्ये प्रसिद्ध झाला. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथील उत्खननानेही याच काळातील अशाच स्वरूपाचे अवशेष उजेडात आणले.

तेरच्या मृण्मूर्तींत केओलिन या पांढऱ्या, मऊ पोताच्या मातीपासून केलेल्या मूर्तींना विशेष महत्त्व आहे. या मूर्ती दुहेरी साच्यातून काढलेल्या, आतून पोकळ आणि वजनाने हलक्या आहेत. स्त्रियांची केशरचना, कर्णभूषणे, गळ्यातील अलंकार इतके बारकाईने दाखविलेले आहेत की, त्या काळच्या वेशभूषेचा तो एक स्वतंत्र दस्तऐवजच ठरावा. दुहेरी साच्याच्या तंत्राचा संबंध अभ्यासक रोमन जगाशी जोडतात. तंत्र बाहेरचे आणि चेहरा येथला, असा हा मेळ आहे. याच तेरमध्ये त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर आहे, जे मुळात चैत्यगृह होते असे मानले जाते. तसेच उत्तरेश्वर मंदिराच्या विटांवरही नक्षीकाम आहे. ज्या गावाने मातीपासून देव, देऊळ आणि संत असे तिन्ही घडविले, त्या गावाची दुसरी उपमा मराठवाड्यात तरी आढळत नाही.

4. रामलिंगप्पा लामतुरे : एका गृहस्थाचा ध्यास

दख्खनच्या खेड्यात 'पांढरी' आणि 'काळी' असे दोन शब्द आहेत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. जुन्या वस्तीच्या पांढरीची माती माळवदावर घालण्यासाठी व भिंती लिंपण्यासाठी पिढ्यान्पिढ्या खणून नेली जात असे. या मातीत सातवाहनकालीन मणी, नाणी, मूर्तींची मुंडकी, दिवे असे काहीबाही सापडे. पावसाने टेकाड धुऊन निघाले की, त्या वस्तू आपोआप वर येत. पोरे त्यांच्याशी खेळत आणि मोठी माणसे त्या फेकून देत. एखादी मूर्ती देव म्हणून देवळीत ठेवली जाई, एवढेच.

तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी या वस्तू जपून ठेवण्यास प्रारंभ केला. ते पुरातत्त्व खात्याचे अधिकारी नव्हते, विद्यापीठाचे अध्यापकही नव्हते. आपला व्यवहार सांभाळणाऱ्या एका गृहस्थाने गावच्या मातीतून निघणाऱ्या खापराच्या तुकड्यांचे मोल ओळखले आणि आयुष्यभर ते गोळा केले. त्यांच्या संग्रहातील वस्तूंची संख्या तेवीस हजारांहून अधिक झाली. हा संपूर्ण संग्रह शासनास देण्यात आला आणि 1970 च्या दशकाच्या आरंभी त्यातून तेरचे शासकीय संग्रहालय आकारास आले. आज ते लामतुरे यांच्याच नावाने ओळखले जाते. सुप्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्ती, केओलिनच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या आणि नाणी यांमुळे सातवाहनकालीन दख्खनच्या अभ्यासकास या संग्रहालयाची पायरी चढावीच लागते.

या कार्याचे मूल्यमापन करताना एक मर्यादा मान्य केली पाहिजे. पृष्ठभागावरून वेचलेल्या वस्तूचा मूळ थर कळत नाही. ती कोणत्या घरात, कोणत्या वस्तूंसोबत होती हे सांगता येत नाही. शास्त्रशुद्ध उत्खननात सापडलेल्या वस्तूस जो संदर्भ असतो तो येथे हरवलेला असतो. परंतु लामतुरे यांनी वस्तू वेचल्या नसत्या तर थरांची माहिती वाचली असती, असे नाही. वस्तूही गेल्या असत्या. पुण्यात दिनकर केळकर यांनी चष्म्याचा व्यवसाय सांभाळून अडकित्ते, दिवे, दौती जमविल्या व 1975 मध्ये तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला, त्याची महाराष्ट्रास माहिती आहे. तेरसारख्या आडवळणाच्या गावी झालेले तशाच तोलाचे कार्य मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत अभावानेच येते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लामतुरे यांचे महत्त्व असे की, त्यांनी माती घडविली नाही, पण घडविलेली माती पाहण्याची दृष्टी कमावली. कोणताही कलाध्यास प्रथम डोळ्यांत उतरतो व मग हातांत, हा क्रम लक्षात घेतला तर त्यांना मातीच्या कलेचे प्रौढ साधक म्हणण्यास हरकत नसावी.

5. चाक, बलुते आणि स्त्री

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारीचे तपशीलवार वर्णन आहे. कुंभाराने वर्षभर गावाला मडकी पुरवावीत, लग्नकार्यात ऐरणीची मडकी द्यावीत आणि सुगीत शेतकऱ्याकडून धान्य घ्यावे, अशी ही व्यवस्था होती. या व्यवस्थेने कुंभाराला उपजीविकेची हमी दिली, पण त्याच्या कौशल्याला जातीच्या कुंपणात बंदिस्त केले. कुंभाराच्या मुलाला दुसरे काही करण्याची मुभा नव्हती आणि इतरांच्या मुलाला मातीकाम करण्याचे प्रयोजन नव्हते. परिणामी प्रौढ वयात आवडीने मातीकडे वळणारा माणूस या व्यवस्थेत बसतच नव्हता.

कुंपणाच्या आतही आणखी एक कुंपण होते. भारताच्या बहुतांश भागांत कुंभार स्त्रीने चाक फिरवू नये असा दंडक आहे. माती आणणे, चाळणे, तुडविणे, मडकी थापटण्यास मदत करणे, रंग देणे, भट्टी रचणे आणि बाजारात विकणे ही सर्व कामे स्त्रिया करीत. चाक मात्र पुरुषाचे. मणिपूरमधील आंद्रो येथे स्त्रियाच चाकाविना हातांनी भांडी घडवितात, हा या नियमास ठळक अपवाद आहे. चाकाला मज्जाव असलेल्या स्त्रियांनी चाक न लागणाऱ्या वस्तू केल्या. चुली, कणग्या, नागपंचमीचे नाग, पोळ्याला ज्यांच्या दावणीला जनावर नाही त्यांच्यासाठी मातीचे बैल, या सगळ्या वस्तू शिल्पच होत. पण त्यांची गणना कधी कलेत झाली नाही व हिशेबात तर नाहीच.

मराठवाड्यात मातीच्या दर्जाला आणखी एक धक्का बसला तो 30 सप्टेंबर 1993 रोजी. किल्लारी परिसरातील भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाची जड छपरे कोसळून हजारो माणसे गाडली गेली. दोष बांधणीच्या पद्धतीचा आणि छपराच्या वजनाचा होता; पण लोकांच्या मनात भीती बसली ती मातीचीच. त्यानंतर लातूर व धाराशिव जिल्ह्यांत मातीचे घर म्हणजे मागासलेपणाबरोबर मृत्यूचीही खूण ठरली. आधीच स्टील व प्लॅस्टिकने मडक्यांची जागा घेतली होती. कुंभारांची बरीचशी घरे वीटभट्टीकडे वळली.

6. कलाशिक्षण आणि माती

मुंबईत 1857 साली सुरू झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत 1865 मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग आले व वास्तुशिल्पाच्या अध्यापनास गती मिळाली. पुढे गणपतराव म्हात्रे यांच्या 'मंदिरपथगामिनी' या शिल्पाने 1890 च्या दशकात मराठी माणसाच्या शिल्पकौशल्यास मान्यता मिळवून दिली. विनायक पांडुरंग करमरकर (1891-1967) यांचे उदाहरण तर बोलके आहे. अलिबागजवळच्या सासवणे गावी गणपती करणाऱ्या घरात ते वाढले. त्यांनी गावातील देवळाच्या भिंतीवर काढलेले चित्र जिल्हाधिकारी ऑटो रॉथफिल्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांच्या साहाय्याने करमरकर मुंबईच्या कलाशाळेत दाखल झाले. 1928 मध्ये पुण्यात उभा राहिलेला त्यांचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा सर्वज्ञात आहे.

या वाटचालीत एक सूत्र दिसते. घरचा वारसा, लहान वयात कोणाची तरी नजर पडणे आणि मग संस्थेतील शिक्षण, अशा तीन पायऱ्या ज्याला लाभल्या तो शिल्पकार झाला. तिसरी पायरी मुंबईत होती. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. शिवाय शालेय पातळीवर कला म्हणजे चित्रकला हे समीकरण रूढ झाले. एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांनी खेड्यापाड्यांत रेखाटनाची गोडी लावली, हे त्यांचे ऋण मान्यच आहे. तथापि माती त्यांच्या कक्षेबाहेर राहिली. 1937 साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाभोवती शिक्षणाची मांडणी करण्याचा विचार मांडला होता. तो विचार मूळ धरू शकला असता तर सुशिक्षित हात आणि मातीचा हात असा भेद कदाचित इतका तीव्र राहिला नसता.

7. दोन प्रौढ साधिका

वरील तीन पायऱ्यांशिवायही शिल्पकलेकडे जाता येते, याची दोन उदाहरणे येथे देणे उचित ठरेल.

पिलू पोचखानवाला (1923-1986) या मुंबईच्या वाणिज्य पदवीधर. त्या जाहिरात क्षेत्रात काम करीत होत्या. 1951 मधील युरोपच्या प्रवासात आधुनिक शिल्पे पाहून त्यांना शिल्पकलेची ओढ लागली आणि परत आल्यावर त्यांनी शिल्पकार ना. ग. पानसरे यांच्या मार्गदर्शनाखाली शिकण्यास सुरुवात केली. तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीसच्या आसपास होते. पुढे लाकूड, दगड, धातू अशा माध्यमांतून त्यांनी काम केले व आधुनिक भारतीय शिल्पकलेत आपले स्थान निर्माण केले.

दुसरे उदाहरण सोनाबाई रजवार यांचे. छत्तीसगडमधील सरगुजा भागातील पुहपुत्रा या गावी त्यांचे आयुष्य गेले. पतीने गावापासून बाजूला घर बांधले आणि सुमारे पंधरा वर्षे त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध जवळजवळ तुटला. मुलाला खेळायला काही नाही म्हणून त्यांनी अंगणातील मातीची खेळणी केली. मग बांबूच्या कामट्यांवर माती लिंपून घरासाठी जाळ्या केल्या आणि त्या जाळ्यांत पक्षी, माणसे, झाडे आली. ना गुरू, ना शाळा, ना प्रेक्षक. भोपाळच्या भारत भवनाशी निगडित कलावंतांच्या शोधमोहिमेत हे घर उजेडात आले व 1983 मध्ये सोनाबाईंना राष्ट्रीय पातळीवरील सन्मान लाभला. 2007 मध्ये त्यांचे निधन झाले.

एका स्त्रीला प्रवासाने शिल्प दाखविले, दुसरीला कोंडवाड्याने. मात्र सोनाबाईंच्या एकाकीपणाचे उदात्तीकरण करणे योग्य होणार नाही. त्या कोंडल्या गेल्या म्हणून कलावंत झाल्या असे म्हणणे म्हणजे अन्यायाला श्रेय देणे होय. कोंडलेल्या अवस्थेतही हाताशी माती होती आणि ती हाताळण्यास कोणी मज्जाव केला नाही, एवढेच इतिहास सांगतो.

8. स्वानुभवाची नोंद

प्रस्तुत लेखिका कुंभार कुटुंबातील असून तिचे बालपण जळकोट तालुक्यातील एका खेड्यात गेले. घरी चाक होते. मुलगी म्हणून चाकाला हात लावायचा नाही हे ओघानेच आले. परंतु वडिलांनी मातीलाही हात लावू दिला नाही. भावंडे माती तुडवीत असताना लेखिकेस पुस्तक घेऊन ओसरीवर बसविले जाई. पुढे पदव्युत्तर शिक्षण झाले, निजामकालीन जमीन महसुलावर एम. फिल. चा प्रबंध झाला, महाविद्यालयात नोकरी लागली. वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत लेखिकेने मातीचा एक साधा दिवाही केलेला नव्हता.

विद्यार्थ्यांची सहल घेऊन तेरच्या संग्रहालयात गेल्यावर एका विद्यार्थिनीने केओलिनच्या मूर्तीकडे बोट दाखवून, "मॅडम, ही आतून पोकळ कशी केली असेल?" असा प्रश्न विचारला. "दुहेरी साच्याने," असे पुस्तकातले उत्तर लेखिकेने दिले. "म्हणजे कशी?" या पुढच्या प्रश्नास मात्र उत्तर नव्हते. कुंभाराच्या मुलीला, इतिहासाच्या अध्यापिकेला, ते सांगता आले नाही. ही खंत घेऊनच लेखिका परतली आणि त्या रविवारी शेताच्या बांधावरची माती भिजवून बसली.

पहिली मूर्ती सावलीत वाळतानाच तडकली. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते व वाळताना आकसते. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्याच कारणाने मूर्तीलाही पडतात. दुसऱ्या खेपेस तळ्यातील गाळ चाळून घेतला व त्यात राख आणि लीद मिसळली. या मूर्तीला तडा गेला नाही, पण ती भट्टीत फुटली. तोवर वडिलांना हा उद्योग समजला होता. त्यांनी तुकडे हातात घेऊन पाहिले व म्हणाले, "भरीव केलीस. आतून वलीच हाय. वाफ कुठनं जाईल?"

येथे पोकळ मूर्तीचे मर्म उलगडले. जाड मातीच्या आत राहिलेला ओलावा तापल्यावर वाफ होतो, त्याला वाट न मिळाल्यास मूर्ती फुटते. सुकलेल्या दिसणाऱ्या मातीतही रासायनिक रूपात पाणी असते व ते साधारण 450 ते 600 अंश सेल्सिअस तापमानादरम्यान बाहेर पडते. म्हणून भिंत पातळ हवी, सर्वत्र सारख्या जाडीची हवी आणि एक छिद्र हवे. तेरच्या कारागिराने पोकळ मूर्ती केली त्यामागे मातीची बचत किंवा परदेशी फॅशन एवढेच कारण नव्हते. जळण आणि नुकसान या दोन्हींचा तो हिशेब होता.

तिसऱ्या खेपेस वडील शेजारी बसले. मातीचे दोन साचे करून आधी भाजून घेतले. साच्यात राख भुरभुरली, म्हणजे माती चिकटत नाही. दोन्ही अर्ध्यांत पातळ थर अंगठ्याने दाबून बसविला, कडा ओरखडून पातळ चिखलाने जोडल्या, सांधा ओल्या फडक्याने पुसला, तळाशी भोक ठेवले. आठ दिवस सावलीत वाळविल्यावर मूर्ती भट्टीतून अखंड निघाली. ती सुबक नव्हती. डावा डोळा उजव्यापेक्षा खाली आला होता. परंतु पुढे तेरला गेल्यावर लेखिकेची नजर अखंड मूर्तींऐवजी फुटक्यांकडे गेली. साच्यात माती दाबताना आतल्या बाजूस बोटांच्या खुणा उरतात आणि त्या बाहेरून कधी दिसत नाहीत. मूर्तीचा चेहरा साच्याचा असतो. घडविणाऱ्याची स्वतःची खूण असते ती आत. ज्या कारागिरांचे नाव एकाही शिलालेखात नाही, त्यांचा पुरावा कोठे शोधावा हे हातांनी काम केल्यानंतरच कळले.

आपल्याला मातीपासून दूर का ठेवले, असे लेखिकेने वडिलांना विचारले. त्यांचे उत्तर तोंडी माहिती म्हणून जसेच्या तसे देत आहे : "साळंत पोरं कुंभाराची म्हून चिडवायची मला. तुझ्या वाट्याला ते नगं, म्हून लांब ठिवलं." त्यानंतर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. या एका वाक्यात बलुतेदारीच्या इतिहासाचे जे प्रकरण आहे ते कागदपत्रांत मिळत नाही. शहरातील सुशिक्षित कुटुंबे आज शुल्क भरून मातीकामाच्या वर्गाला जातात, शाडूच्या गणपतीच्या कार्यशाळा भरतात, आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ज्यांच्या घरात हे कौशल्य पिढ्यान्पिढ्या होते त्यांना सन्मानाने शिकण्यासाठी ते आधी टाकून द्यावे लागले. लेखिकेची 'प्रौढ वयातील आवड' ही वस्तुतः एका त्यागाची परतफेड आहे. ती परतफेड करणे लेखिकेला शक्य झाले ते दरमहा वेतन मिळते म्हणून. वडिलांना हा पर्याय कधीच नव्हता. आवड ही देखील एक सामाजिक सवलत असते, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते.

9. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(1) इनामगावच्या न भाजलेल्या मूर्ती पाहता, मूर्ती घडविणे हे प्राचीन काळी केवळ एका व्यावसायिक गटापुरते मर्यादित नसावे.
(2) तेरच्या केओलिन मूर्तींतून व्यापाराबरोबर आलेले तंत्र व स्थानिक अभिरुची यांचा संयोग दिसतो. हे तंत्र समजून घेण्यास वाचनाबरोबर कृतीही आवश्यक आहे.
(3) रामलिंगप्पा लामतुरे यांच्या कार्यावरून औपचारिक शिक्षणाविना प्रौढ व्यक्तीही इतिहासाच्या साधनांत मोलाची भर घालू शकते, हे सिद्ध होते.
(4) प्रौढ वयात मातीकामाकडे वळण्यात वयाची अडचण दुय्यम असून जात, लिंगभेद आणि शिक्षणातील हस्तकौशल्याची उपेक्षा हे खरे अडथळे आहेत.
(5) स्त्रियांनी केलेल्या घरगुती मातीकामाची नोंद कलेच्या इतिहासात होणे अगत्याचे आहे.

या अनुषंगाने एक सूचना करावीशी वाटते. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी वर्षातून निदान दोन दिवस गावातील कुंभारास मानधन देऊन अध्यापक म्हणून पाचारण करावे आणि विद्यार्थ्यांकडून एक साचा, एक मूर्ती व एक भट्टी करवून घ्यावी. त्यास फार खर्च येत नाही. प्रस्तुत लेखिकेच्या विभागाने गतवर्षी असा उपक्रम केला. वर्गात उभे राहून बोलण्यास वडील प्रथम तयार नव्हते. शेवटी ते खुर्चीवर न बसता जमिनीवर बसले, मातीचा गोळा पुढे ओढला आणि विद्यार्थ्यांना म्हणाले, "जवळ या, लांबनं दिसत न्हाई." ज्या विद्यार्थिनीने तेरला प्रश्न विचारला होता, ती सर्वांत पुढे बसली होती.